घरच्या भट्टीचा विमा

(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गोटमारीच्या गावात काचेच्या धंद्यावर बोलायचे म्हटल्यावर काहींना हसू येणे साहजिक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या अल्याड पांढुर्णा आणि पल्याड सावरगाव यांच्यात काय चालते, ते आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. पण काचेच्या मालाला खरा धोका त्या एका दिवसाचा नाही. गॅसची नळी, जुने वायरिंग, पावसाळ्यात गळणारे कवेलू आणि नागपूरच्या वाटेवर टेम्पोला बसणारे धक्के, हे चार शत्रू वर्षभर त्या मालाच्या मागे असतात. त्यांच्यापासून विम्याचा कागद आपल्याला कुठे वाचवतो आणि कुठे वाचवत नाही, एवढाच आजचा विषय आहे.

आम्ही विमा कंपनीचे एजंट नाही. बँकेत कारकून आहोत. कर्जाच्या फायलींबरोबर विम्याचे कागद रोज आमच्या हाताखालून जातात, आणि वाणिज्य शाखेत शिकल्यामुळे ते वाचायची सवय आहे. त्या सवयीचा समाजाला थोडा उपयोग व्हावा, म्हणून हे चार शब्द.

आपला मुलूख संत्र्याचा आणि कापसाचा. काचेचा कारखाना ही आपली ओळख नाही. तरीही आपल्या जुन्या घरांमधून आता निरनिराळे उद्योग सुरू होत आहेत. कुणी काचेवर रंगकाम करते. कुणी रंगीत काच कापून, कथिलाने सांधून दिवे करते. कुणी गॅसच्या ज्योतीवर काचेची कांडी वितळवून मणी घडवते, तर कुणी लहानशी विजेची भट्टी आणून काचेच्या तबकड्या काढते. काम घरातल्या सुनेचे किंवा लेकीचे असते, जागा मागच्या पडवीची असते, आणि सगळे घर त्याला 'तिचा छंद' म्हणते. आमचे म्हणणे या एका शब्दापाशी सुरू होते.

काच आणि मराठी माणूस यांचे नाते जुने आहे. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काच कारखाना सुरू झाला. पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी सातारा जिल्ह्यात काच कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील आपल्या आजी-आजोबांच्या घरात टांगलेला होता. पैसा फंडाची गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण विम्याचे तत्त्व त्याच जातीचे आहे. पुष्कळांनी थोडे थोडे द्यायचे आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला त्यातून उभे करायचे. फरक एवढाच की विम्यात कुणाला काय मिळणार, हे आधी कागदावर लिहिलेले असते. ज्याचे नाव, पत्ता आणि काम कागदावर नाही, त्याचा पैसा फंडात जाऊनही त्याला काही मिळत नाही.

घरातल्या काचकामाचे सर्वांत मोठे उदाहरण उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादचे. तिथे काच कारखान्याच्या भट्टीत वितळते, पण बांगडीची दोन टोके ज्योतीवर सांधण्याचे काम वर्षानुवर्षे घराघरांत होत आले आहे आणि ते बहुतेक बायकाच करतात. कारखान्याच्या आगीच्या विम्यावर कारखान्याचा पत्ता असतो. ज्या खोलीत ज्योत पेटते आणि शेजारी मूल झोपलेले असते, तिचा पत्ता त्यावर आपोआप येत नाही. आपल्याकडे काम लहान आहे, पण प्रश्न तोच आहे. आपली पडवी कुणाच्या कागदावर आहे?

विम्याच्या प्रस्ताव-अर्जात 'व्यवसाय' असा एक रकाना असतो. आपल्याकडे तिथे सर्रास 'गृहिणी' असे लिहिले जाते. लिहिणाऱ्याच्या मनात कपट नसते. चांगल्या घरातली बाई धंदा करते असे लिहायला संकोच वाटतो, दुसरे काही नाही. पण त्या एका शब्दाने भट्टी, गॅस, काचेच्या पेट्या आणि तयार माल हे सारे कागदावरून नाहीसे होते. विम्याचा करार संपूर्ण विश्वासाचा असतो. जोखीम वाढवणारी गोष्ट आपण होऊन सांगण्याची जबाबदारी विमा घेणाऱ्याची असते. आग लागल्यावर सर्व्हेअर येतो, राखेत भट्टी सापडते आणि अर्जात ती नसते. मग वाद एकट्या भट्टीपुरता राहत नाही, घराच्या दाव्यावरही प्रश्नचिन्ह लागते. एका शब्दाच्या संकोचापायी अख्खे घर पणाला लावण्यात कसली अब्रू?

आता कोणता विमा घ्यावा ते पाहू. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने आगीच्या विम्याचे तीन ठरीव नमुने लागू केले. सर्वसाधारण विम्याच्या कंपन्या ते विकतात आणि त्यांच्या मूळ अटी सारख्या असतात. त्यांतले दोन आपल्या कामाचे आहेत.

पहिला 'भारत गृह रक्षा'. हा घराचा विमा. इमारतीचा विमा उतरवला की तिच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, घरातल्या सर्वसाधारण सामानाला आपोआप संरक्षण मिळते. पण हे सामान म्हणजे घरगुती वापराचे सामान. कपाट, पंखा, भांडीकुंडी त्यात येतात. विक्रीसाठी केलेले पन्नास दिवे आणि काचेच्या कच्च्या मालाच्या पेट्या त्यात येतील, असे कुणी धरून चालू नये.

दुसरा 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'. एका ठिकाणच्या मालमत्तेची एकूण किंमत ५ कोटी रुपयांपर्यंत असलेल्या लहान धंद्यांसाठी हा आहे. आपल्या पडवीतल्या धंद्याला तो पुरून उरतो. यंत्रे, अवजारे, कच्चा माल, अर्धवट झालेला माल आणि तयार माल यांचा विमा यात उतरवता येतो. आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, दंगल आणि पाण्याची टाकी फुटणे हे धोके त्यात धरलेले आहेत.

तेव्हा घरच्या उद्योगाला हे दोन कागद लागतात, घराचा वेगळा आणि धंद्याचा वेगळा. दोन्हींवर एकमेकांचा उल्लेख करून घ्यावा. घराच्या अर्जात लिहावे की मागच्या पडवीत काचेचे काम चालते. धंद्याच्या अर्जात लिहावे की जागा राहत्या घरातली आहे, भिंती मातीच्या आहेत की विटांच्या, आणि वर स्लॅब आहे की लाकडावर कवेलू. बांधकामाची खरी माहिती दिल्याने हप्ता थोडा वाढला तरी चालेल. दाव्याच्या वेळी तीच माहिती आपली साक्षीदार होते.

इथे आपल्या एकत्र कुटुंबांचा एक खास पेच आहे. घर सासऱ्यांच्या नावावर, किंवा वारलेल्या आजेसासऱ्यांच्या नावावरच राहिलेले, आणि धंदा सुनेचा. ज्या वस्तूच्या नाशाने आपले आर्थिक नुकसान होते, तिचाच विमा आपल्याला उतरवता येतो. म्हणून इमारतीचा विमा मालकाच्या नावाने आणि धंद्याच्या मालाचा विमा सुनेच्या नावाने असावा. घराची नोंद वारसांच्या नावावर करून घेण्याचे काम आपण वर्षानुवर्षे टाळतो. निदान विम्याच्या निमित्ताने तरी ते उरकून घ्यावे.

दुसरी गोष्ट किमतीची. समजा भट्टी ६० हजारांची, अवजारे आणि मांडण्या ५० हजारांच्या, कच्चा माल ४० हजारांचा आणि तयार माल एक लाखाचा. एकूण अडीच लाख. पण बँकेचे कर्ज एक लाखाचे होते, म्हणून विमा एक लाखाचाच उतरवला. पुढे आगीत ७५ हजारांचे नुकसान झाले. घरच्यांना वाटते की विमा एक लाखाचा आहे, म्हणजे ७५ हजार पूर्ण मिळतील. तसे होत नाही. अडीच लाखांच्या मालावर एक लाखाचा विमा म्हणजे ४० टक्के. म्हणून नुकसानीच्याही ४० टक्केच, म्हणजे ३० हजार हाती येतात. सूक्ष्म उद्यमाच्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. याच मालाचा विमा २ लाख १५ हजारांचा असता, तर तूट १४ टक्क्यांची ठरली असती आणि या कारणाने एक रुपयाही कापला गेला नसता.

बँकेच्या कर्जाबरोबर उतरवलेल्या विम्याबद्दल आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्या पॉलिसीवर बँकेच्या नावाची अट असते, म्हणजे भरपाईवर पहिला हक्क कर्जाचा. दुसरे असे की, कर्ज फिटल्यावर बँक त्या विम्याचे नूतनीकरण करीलच असे नाही. तिचे हित तिथे संपलेले असते. कर्ज फिटल्याचा आनंद सगळ्यांना होतो, पेढेही वाटले जातात, पण त्याच वर्षी विमाही संपला हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कर्जमुक्तीचा दाखला हाती आला की त्याच दिवशी पॉलिसीची शेवटची तारीख पाहावी.

तिसरी गोष्ट, कशाचे पैसे मिळत नाहीत. काचकामात हेच सर्वांत महत्त्वाचे आहे. हातातून दिवा पडून फुटला, तर आगीचा विमा काही देत नाही. भट्टीत तापवताना तबकडी तडकली, तर तीही आग ठरत नाही, कारण तापवणे हा त्या वस्तूच्या घडणीचाच भाग आहे. शॉर्टसर्किटने भट्टीचे वायरिंग जळाले तर त्या यंत्राचे नुकसान वगळले जाते, पण तिथून आग पसरून माल जळाला तर मालाचे मिळते. चोरीचेही तसेच. आग किंवा पूर यांसारख्या घटनेनंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरी या पॉलिसीत येते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळा विमा घ्यावा लागतो.

नावांवरूनही फसगत होते. 'प्लेट ग्लास' नावाचा एक विमा आहे. नाव ऐकून वाटते की हाच आपला. तो दुकानाच्या दर्शनी भागात बसवलेल्या काचेचा असतो, विक्रीच्या काचसामानाचा नव्हे. याउलट 'मरीन' म्हटले की लोक विचारतात, जाम नदीत जहाज कुठून आले? पण ट्रकने किंवा रेल्वेने जाणाऱ्या मालाचा विमा त्याच खात्यात मोडतो. त्यात अ, ब, क असे तीन प्रकार आहेत. क मध्ये केवळ आग आणि वीज पडणे येते. ब मध्ये वाहनाची टक्कर, वाहन उलटणे असे ठरावीक अपघात वाढतात. अ सर्वांत व्यापक आहे. तरीही काचेची मोडतोड त्यात धरली आहे की नाही, हे आधी लेखी विचारावे. आणि कुठलीही पॉलिसी असो, बांधाबांध कच्ची असेल तर भरपाई मिळत नाही. नागपूरच्या प्रदर्शनाला माल नेताना भुसा, पुठ्ठा आणि दुहेरी खोके यांवर खर्च केलेला पैसा हाही एक विमाच समजावा.

गॅसविषयी स्पष्ट बोलतो. स्वयंपाकाचे घरगुती सिलिंडर धंद्याच्या ज्योतीला लावणे नियमबाह्य आहे. तेल कंपन्यांनी नोंदणीकृत ग्राहकांसाठी अपघाताचा विमा घेतलेला असतो, पण सिलिंडरचा वापरच नियमाबाहेरचा असेल तर आपली बाजू लंगडी पडते. व्यावसायिक सिलिंडर महाग पडते हे खरे. पण धंद्याचा खर्च स्वयंपाकघराच्या हिशेबात लपवून धंदा स्वस्त होत नाही, त्याची जोखीम तेवढी स्वयंपाकघरात येते.

चौथी गोष्ट माणसांची. माल पुन्हा करता येतो, डोळा पुन्हा येत नाही. काचेची किरच डोळ्यात जाण्याचा धोका या कामात रोजचा आहे, तेव्हा चष्मा आधी आणि विमा नंतर. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षांच्या खातेदाराला वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचे संरक्षण आहे. अपघाताने एक डोळा किंवा एक हात कायमचा निकामी झाला तर १ लाख मिळतात. वर्ष १ जूनला सुरू होते आणि हप्ता बचत खात्यातून वळता होतो, म्हणून मे महिन्यात खात्यात शिल्लक असावी. मदतीला दोन मुली येत असतील तर त्यांचीही नावे नोंदवून घ्यावीत. कामावरच्या माणसाला इजा झाली तर जबाबदारी धंदा चालवणाऱ्यावर येते. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे ग्राहकाला इजा झाल्यास उत्पादकाची जबाबदारी सांगितली आहे. आपला दिवा फुटून कुणाच्या मुलाचा हात कापला, तर प्रश्न आपल्या दारात येऊ शकतो. दुकानदारांसाठी असलेल्या एकत्रित पॉलिसीत घरफोडी, रोख रक्कम आणि तिसऱ्या व्यक्तीची जबाबदारी असे भाग निवडून घेता येतात. घरच्या उद्योगाला ती लागू करतील का, हे दोन कंपन्यांकडे लेखी विचारून मगच निर्णय घ्यावा.

आता घरच्या घरी करायचे काम. एक वही घाला. कच्चा माल कधी, कुणाकडून, कितीला आणला, किती नग झाले, किती विकले आणि महिनाअखेर किती उरले, एवढे चार रकाने पुरेत. तयार मालाची भरपाई विक्रीच्या किमतीने मिळत नाही, तो करायला आलेल्या खर्चाने मोजतात. आपल्या मजुरीची कुठेच नोंद नसेल तर ती मजुरी राखेबरोबर गेली असे समजा. बिले जपून ठेवा. मालाचे फोटो दर महिन्याला काढा आणि नागपूरला दिलेल्या लेकीच्या फोनवर पाठवून ठेवा, म्हणजे घरातला फोन जळाला तरी पुरावा राहील. 'उद्यम' नोंदणी मोफत होते, ती करून घ्या. विक्रीचे पैसे धंद्याच्या नावाने वेगळ्या खात्यात घ्या. या कागदांनी छंदाचा धंदा होतो, आणि धंद्यालाच विमा मिळतो.

नुकसान झालेच तर कंपनीला ताबडतोब कळवावे, आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला आणि चोरी असेल तर पोलिसांची नोंद घ्यावी. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत राडारोडा उचलू नये. फुटकी काच घरात ठेवू नये असे वडीलधारे सांगतात. त्यांचा मान ठेवून ती अंगणात एका कोपऱ्यात ठेवावी, पण फेकू नये, कारण तोच पुरावा आहे. दावा फेटाळला तर कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. आपल्या राज्यासाठी हे कार्यालय भोपाळला आहे. ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईची प्रकरणे तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही, आणि एकल मालकीचे व सूक्ष्म उद्योगही तिथे दाद मागू शकतात.

शेवटी मंडळाच्या कामाचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. घरातली भाषा मराठी राहिली, कागदाची भाषा हिंदी आणि इंग्रजी झाली. शाळेच्या दाखल्यापुरते ते निभावून गेले, पण विम्याच्या कागदात एका वगळलेल्या ओळीची किंमत लाखभर रुपये असते. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्ह्याचे ठिकाण दारात आल्याचा काही उपयोग आपण करून घ्यायला नको का?

आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, पांढुर्णा आणि सौंसर येथे विमा कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना बोलावून घरच्या उद्योगांसाठी शिबिर घ्यावे आणि कशाला संरक्षण नाही, याचे एक पान मराठीत मागावे. दुसरी, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. कुंभार, सोनार, मूर्तिकार त्यात आहेत, काचकाम करणारा नाही. त्याचा समावेश व्हावा असे निवेदन जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पाठवावे. ते मराठीतून द्यावे. संविधानाच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि या दोन तालुक्यांत मराठी वापरात नाही असे कोण म्हणेल? तिसरी, मंडळाच्या सभासद-यादीत घरोघरच्या स्त्रियांच्या नावापुढे त्यांचा खरा व्यवसाय लिहावा. आपल्याच यादीत आपण 'गृहिणी' लिहिणार असू, तर विमा कंपनीला दोष कुठल्या तोंडाने देणार?

तिसऱ्या सूचनेला ना सरकारची परवानगी लागते, ना पैसा. यादी कार्यालयात टेबलावर आहे. सभा संपल्यावर भगिनींनी ती पाहून आपापल्या नावापुढची नोंद दुरुस्त करून जावे, अशी आमची विनंती आहे.